खिशात चाकू, पुढे मेट्रो

घाटकोपरमध्ये राहणाऱ्या सभ्य माणसाला दिवसभरात केवढी कापाकापी करावी लागते! सकाळी दुधाची पिशवी. मग फरसाणाचं पाकीट, ज्याच्या कोपऱ्यावर ‘इथे फाडा’ असं छापलेलं असतं आणि जे तिथे सोडून बाकी सगळीकडे फाटतं. दुपारी कुरिअर: आत साबणाच्या तीन वड्या, बाहेर चार मीटर टेप. संध्याकाळी नव्या शर्टाच्या लेबलाची प्लॅस्टिकची दोरी, औषधाच्या पट्टीतली अर्धी गोळी आणि चहात पिळायचं लिंबू. या सगळ्यासाठी लोक जी हत्यारं वापरतात ती अशी: दात, नखं, घराची किल्ली आणि शेवटी शेजारच्या बेनची कात्री. टेप फाडून फाडून किल्लीला इतका गोंद चिकटतो की दार उघडताना ती कुलपातच रुसून बसते. दातांचं काय होतं ते पंतनगर ते राजावाडी या पट्ट्यातल्या दंतवैद्यांना विचारावं. त्यांची घरं त्यावर चालतात.

या सगळ्यावरचा उतारा म्हणजे घडीचा चाकू. मिटवला की बोटाएवढा, उघडला की कामाचा. परदेशात त्याचं एक शास्त्रच झालं आहे. ‘एव्हरीडे कॅरी’, लाडाने ‘ईडीसी’, म्हणजे रोज जवळ बाळगायच्या वस्तू. घड्याळ, टॉर्च, पाकीट, पेन आणि चाकू हे सगळं सुबक लाकडी टेबलावर ओळीने मांडायचं आणि वरून फोटो काढायचा. घाटकोपरच्या वन-बीएचकेत असं टेबल नसतं. तिथे हा फोटो इस्त्रीच्या चादरीवर काढला जातो आणि त्याच्या कोपऱ्यात कुणाचा तरी पाय येतो. शिवाय इथला खरा ‘ईडीसी’ निराळाच: रेल्वेचा पास, रुमाल, डबा, छत्री, बडीशेपेची पुडी आणि ॲसिडिटीची गोळी. यात चाकूला जागा करायची, तर आधी घरून परवानगी काढावी लागते.

ती सहजासहजी मिळत नाही, आणि त्याला कारण हिंदी सिनेमा. ‘खिशात चाकू’ एवढं ऐकलं की आईच्या डोळ्यांपुढे येतो तो रामपुरी: बटण दाबलं की खटकन उघडणारा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी नवाबी अमदानीत हा चाकू नावारूपाला आणला आणि मुंबईच्या स्टुडिओंनी तो घराघरांत पोचवला. १९६५च्या ‘वक्त’मध्ये समोरच्याच्या हातातला चाकू काढून घेत राजकुमारने, ही मुलांच्या खेळण्याची वस्तू नव्हे, असं बजावलं. त्याला साठ वर्षं उलटली, तरी कुणी खिशातून चाकू काढला की मागे पांढऱ्या बुटातला राजकुमार उभा राहतोच. रामपूरकरांनी मात्र बदनामीचंच भांडवल केलं. मार्च २०२३ मध्ये त्यांनी शहरातल्या एका चौकात सहा मीटरहून लांब चाकू उभा केला. तो कुणाच्याच खिशात मावत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

वास्तविक आपल्याकडे छोट्या चाकूशी ज्याचा रोज संबंध यायचा तो माणूस गुंड नव्हता. तो कारकून होता. बोरूने मोडी लिहायची तर बोरूचं टोक पुन्हा पुन्हा तासून त्याला तिरका काप द्यावा लागतो. म्हणून दौत आणि बोरूच्या जोडीला छोटा चाकू हवाच. त्या चाकूने कुणाचं रक्त सांडलं असेल तर ते कारकुनाच्याच अंगठ्याचं.

आणि घडीचं पातं तर आजही रोज असंख्य मुंबईकरांच्या गळ्यापर्यंत पोचतं. वस्तरा म्हणजे दुसरं काय? तो दुमडतो, त्याला मूठ असते, धार कुठल्याही रामपुरीहून तिखट असते, आणि त्याच्यापुढे माणूस डोळे मिटून, मान वर करून, शांतपणे महागाईवर बोलत असतो. आता त्यात अर्धं ब्लेड बसवतात आणि ते गिऱ्हाइकासमोर पाकिटातून काढतात, एवढाच काय तो फरक.

तिसरा मान नवरदेवाचा. हळद लागली की त्याच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार किंवा सुरी द्यायची पद्धत अनेक घरांत आहे. त्याआधी तो जन्मला तेव्हा, दृष्ट लागू नये, वाईट काही फिरकू नये म्हणून त्याच्या उशाशी चाकू नाहीतर अडकित्ता ठेवलेला असतो. म्हणजे पाळण्यात चाकू चालतो, बोहल्यावर चालतो, मधल्या पंचवीस-तीस वर्षांत तो खिशात सापडला की आई विचारते, “हल्ली कुणाच्या संगतीत असतोस रे?”

कायद्याचं म्हणणं आईपेक्षा तपशीलवार आहे. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे शस्त्र नियम यांनी धारदार शस्त्रांच्या यादीत चाकू घातला तो पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर. आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाची पाती वगळली. विळा, कोयता, कलिंगड कापायचा सुरा सगळे सुटले. दिल्लीने मात्र १९८० मध्ये वेगळी अधिसूचना काढून बटणाच्या, गरारीच्या आणि तत्सम यांत्रिक चाकूंसाठी ७.६२ सेंटीमीटर लांबीची वेस घातली. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला असेल असं वाटतं, पण ते आहेत बरोबर तीन इंच. तिकडे ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यानेही घडीच्या, न अडकणाऱ्या चाकूला तीन इंचांपर्यंतच कारण न विचारता मोकळं सोडलं. लंडनला गेलेल्या भाच्याकडून चाकू मागवणाऱ्या मामांनी हे ध्यानात घ्यावं.

मुंबईत इंचांवर घासाघीस करायला फारसा वावच नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधल्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे. त्या कलमात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि वर ‘शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू’ एवढं सगळं येतं. या शेवटच्या शब्दांत छत्री, स्टीलचा डबा आणि लोकलच्या दारात उभ्या माणसाचं कोपरसुद्धा बसू शकेल. म्हाताऱ्याकोताऱ्यांना काठीपुरती सूट असते. गुडघ्याला सवलत आहे, आंब्याला नाही.

तेव्हा इथल्या माणसाने चाकू घेताना पहिली कसोटी लावायची ती पोलादाची नव्हे, चेहऱ्याची. हवालदारापुढे, सासूबाईंपुढे आणि सोसायटीच्या सेक्रेटरींपुढे जो काढल्यावर कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, तो चाकू चांगला. काळा, दातेरी, अंगठ्याच्या एका झटक्यात उघडणारा चाकू कितीही स्वस्त मिळाला तरी महाग. त्याचा खुलासा करण्यातच जन्म जायचा.

त्यात घाटकोपरकराला कायद्याच्याही आधी भेटतं ते यंत्र. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो धावली: ११.४ किलोमीटर, बारा स्थानकं. घाटकोपरला तिची आणि मध्य रेल्वेची गाठ पडते आणि दोन वेगळ्या संस्कृती एका पुलावर समोरासमोर येतात. ठाण्याहून लोकलने आलेल्या माणसाने बोचक्यात काय आणलंय हे सहसा कुणी विचारत नाही; मासळीची टोपली, सुताराची करवत, चांभाराची रापी, सगळं मालडब्यातून येतं. तोच माणूस जिना चढून मेट्रोकडे वळला की त्याची बॅग पट्ट्यावरून जाते आणि पडद्यावर उघडी पडते. डब्यातली पोळी तिथे फिकट दिसते. चाकू मात्र ठसठशीत.

“काका, बॅग परत टाका.”

काका परत टाकतात. मागच्या रांगेतून “अहो, चला ना!” सुरू होतं.

“आत चाकू आहे का?”

“चाकू म्हणजे... सफरचंद कापायचा.”

“सफरचंद कुठंय?”

“ते खाल्लं.”

“मग आता चाकू कशाला?”

या युक्तिवादावर अजून कुणाला उत्तर सापडलेलं नाही. मेट्रोत धारदार वस्तू चालत नाही, संपलं. ज्याला चाकू टाकवत नाही त्याला उरते ती रिक्षा. आणि साकीनाक्याच्या गर्दीतून अंधेरी गाठेपर्यंत मीटर जो आकडा दाखवतो त्यात दुसरा चाकू आला असता. विमानाचंही तेच: केबिनच्या बॅगेत चाकू नको, सामानात द्यायचा. रोज वर्सोव्याच्या दिशेला नोकरी असलेल्याने रोज चाकू बाळगण्याचा हट्टच धरू नये. त्याने तो ऑफिसच्या खणात ठेवावा. ‘एव्हरीडे कॅरी’ मधलं ‘कॅरी’ गळलं तरी ‘एव्हरीडे’ शिल्लक राहतं.

आता खरेदी. पश्चिमेला स्टेशनबाहेर बाजाराला तोटा नाही, पण चाकूचं दुकान शोधायला पत्ते फार सोयीचे नाहीत. तिथे एका रस्त्याचं नाव जीवदया लेन आहे. जैन वस्तीचा भाग. तिथे उभं राहून “धारदार पाहिजे” असं मोठ्याने म्हणायचं धाडस होत नाही. मग माणूस भांड्यांच्या दुकानात शिरतो.

“घडीचा चाकू आहे का?”

“फ्रूटवाला?”

“नाही, खिशात ठेवायचा.”

दुकानदार आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो, मग चपलांकडे. “कशाला पाहिजे शेठ?”

“पार्सल उघडायला.”

“मग कटर घ्या ना. तीस रुपये.”

इथे दुकानदाराचं अगदी बरोबर असतं, आणि नेमकं तेच गिऱ्हाइकाला नको असतं. हा कटर म्हणजे बोथट झालं की टोक मोडून टाकायचं पातं. ते जपानमध्ये १९५६ मध्ये योशिओ ओकादा यांनी काढलं. चॉकलेटच्या वडीचे तुकडे पडतात तसे पात्याचे पाडता आले तर, ही त्यामागची कल्पना. पुढे त्यांच्या कंपनीचं नाव ‘ओल्फा’ झालं. प्रत्येक तुकडा मोडला की नवी धार, दगड नको, तेल नको, धारवाला नको. शुद्ध उपयोगाच्या तराजूत या कटरपुढे कुठलाही घडीचा चाकू हलकाच पडतो. दोष एकच. त्याने सफरचंद कापवत नाही. आत्ताच कुरिअरच्या टेपवरून आलेलं ते पातं असतं. आणि फोटोत तो स्टेशनरीचा दिसतो.

म्हणून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, जिथे मोबाइलची कव्हरं, की-चेन आणि गॉगल यांच्यामध्ये काचेखाली घडीचे चाकू निजलेले असतात. दोनशेपासून पाचशेपर्यंत. पात्यावर ड्रॅगन, मुठीवर कवटी, मुठीच्या बुडाशी मोटारीची काच फोडायचं टोक आणि बाजूला सीटबेल्ट कापायची खाच. गाडी पाण्यात बुडाली तर उपयोगी, असं दुकानदार सांगतो. गिऱ्हाइकाकडे गाडी नसते. पण पुढे घेतली आणि ती तानसाच्या तलावात गेली तर हाताशी असावा, असं त्यालाही वाटू लागतं. पात्यावर ‘सर्जिकल स्टील’ असंही कोरलेलं असतं. कुठल्या शस्त्रक्रियेत वापरलं होतं, ते कोरलेलं नसतं.

दुकानात काय बघावं हे मात्र खरंच सांगण्यासारखं आहे, कारण स्वस्त चाकूत फसगत पात्यात कमी आणि सांध्यात जास्त होते. चाकू पुरता उघडायचा, पात्याची पाठ चिमटीत धरायची आणि डावी-उजवीकडे हलवून पाहायची. खुळखुळ लागली तर परत ठेवायचा. ती घरी गेल्यावर वाढते, कमी होत नाही. मग मिटवून उजेडाकडे धरायचा. पातं दोन पट्ट्यांच्या मधोमध बसलं पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर धार पट्टीवरच जाणार. आत अडकवणारी पत्र्याची पट्टी असेल तर उघडल्यावर ती पात्याच्या टाचेखाली नीट सरकते का हे डोळ्यांनी पाहावं, आणि बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवून पात्याची पाठ काउंटरवर हलकेच दाबावी. खटका सुटला तर दुकानदाराकडे बघून हसावं आणि निघावं. शेवटी, पातं उघडायची नखाची खाच हाताला येते का? जो चाकू उघडायला दुसरा चाकू लागतो तो घेऊन उपयोग नाही.

चार आकड्यांची तयारी असेल तर मॉलमध्ये लाल स्विस चाकू मिळतात. कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये इबाख या स्विस गावात कारखाना काढला आणि १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवले. त्या चाकूने सैनिकांनी काय करावं अशी अपेक्षा होती? जेवणाचे डबे उघडावेत आणि रायफल खोलावी. १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी वेगळा चाकू निघाला, त्यात भर पडली ती बाटलीचं बूच काढायच्या मळसूत्राची. सैन्य कुठलंही असो, साहेबांच्या गरजा निराळ्या. घाटकोपर पूर्वेच्या शाकाहारी, निर्व्यसनी घरात त्या मळसूत्राला काम नाही असं वाटेल; पण मिठाईच्या खोक्याच्या सुतळीला हलवायाने घातलेली गाठ त्याच्याइतकी दुसऱ्या कशानेच सुटत नाही. यातला सगळ्यात धाकटा चाकू ५८ मिलिमीटरचा. पातं जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढं, सोबत कानस, कात्री, चिमटा आणि टूथपिक. ज्याला याची भीती वाटेल त्याला रबरबँडचीही वाटावी. मेट्रोच्या पट्ट्यावर मात्र तोही चाकूच. तिथे लहान-मोठा भेद नाही.

फ्रान्सच्या साव्वा प्रांतातला ‘ओपिनेल’ हा दुसरा मोह. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये सुरू केलेला, बीचच्या लाकडी मुठीचा, साधा, देखणा, शेतकऱ्याच्या खिशातला. त्यात आठ नंबरचा सगळ्यांत लाडका. पातं साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे तीन इंचांची वेस ओलांडलेलं. पण त्याची खरी अडचण कायदा नाही, जुलै आहे. बीचचं लाकूड दमट हवेत फुगतं आणि पातं आतच धरून बसतं. साव्वातल्या लोकांनी यावर तोड काढली आहे: मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं. घाटकोपरमध्ये रात्री नऊनंतर असं ठोकायला घेतलं तर खालच्या मजल्यावरचे वर येतात. त्यातून पातं कार्बन स्टीलचं असेल तर पावसाळ्यात रोज पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं, आणि लिंबू कापून तसंच मिटवलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर काळसर नकाशा उमटलेला असतो. कार्बनच्या पात्याला धार लवकर लागते, हे खरं. पण ज्या घरात माणसांचे रेनकोट वाळायला जागा नाही तिथे पात्याची काळजी कोण वाहणार? मुंबईत गुमान स्टेनलेस घ्यावं.

धार जाणारच. सायकलच्या पायट्याने दगड फिरवणारा धारवाला गल्लीत आला की विळ्या, सुऱ्या, कात्र्या घेऊन बायका खाली उतरतात. त्या रांगेत दोन पेरांचा लाल चाकू घेऊन उभं राहायला पुरुषाचं काळीज लागतं. शिवाय त्याच्या दगडाखाली एवढं पातं दोन फेऱ्यांत अर्धं होईल. त्यापेक्षा लोणच्याची चिनी मातीची बरणी उपडी करावी. बुडाला जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते, तिच्यावर पातं थोडं तिरकं धरून दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने ओढलं की कामापुरती धार येते. आत लोणचं नाही याची खात्री आधी करावी.

खरं सांगायचं तर घाटकोपरमधलं सगळ्यात सुरेख पातं यातल्या कुणाकडेच नाही. ते स्टेशनबाहेरच्या पेरूवाल्याकडे आहे. घासून घासून निम्मं झालेलं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, नाव-गाव काही नाही. पेरूच्या चार फाका, मध्ये तिखट-मीठ, आणि फाका बुडाशी जोडलेल्याच. एवढ्या अचूकपणे तो थांबतो. त्याला कुणी ‘कुठलं स्टील?’ विचारलं तर तो म्हणेल, “एक देऊ का दोन?”

चाकू घरी आल्यावर त्याची पहिली मालकी स्वयंपाकघराकडे जाते. शेवग्याच्या शेंगा, मग कढीपत्त्याच्या काड्या, मग गॅसच्या बर्नरची भोकं. आठवडाभरात तो खिशात कमी आणि ओट्यावर जास्त दिसतो. त्याचे खरे दिवस येतात गणपतीत. २०१८च्या बंदीपासून मखरात थर्माकोल गेला, पुठ्ठा आला, आणि पुठ्ठा दातांनी कापता येत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये आरास चाललेली असते, तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, “कुणाकडे चाकू आहे का?” सगळे एकमेकांकडे बघतात. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पुढे होतात आणि तो लाल ऐवज खिशातून काढतात. हातातून हातात चाकू दिला तर भांडण होतं, म्हणून तो आधी सतरंजीवर ठेवतात. समोरचा तिथून उचलतो. भांडण होतं ते नंतर. विसर्जनानंतर चाकू परत येतो तो फेव्हिकॉलने मिटलेला, कात्रीत सोनेरी जरीचे धागे अडकलेला आणि टूथपिक हरवलेला. टूथपिक कुणी घेतली यावर मंडळाच्या हिशेबाच्या बैठकीत पाव तास जातो.

पुढल्या वर्षी सेक्रेटरी जिन्यातूनच हाक मारतात, “काका, खाली येताना तुमचं ते लाल नेलकटर घेऊन या हं!”